आळेफाट्याचं बिनबोर्डाचं गॅरेज आणि आमच्या पिकअपचं भूंऽऽ-भूंऽऽ

गॅरेजला बोर्ड नाही, त्यामुळे नाव लिहिता येत नाही. आळेफाट्याच्या चौकातून ओतूरच्या बाजूला निघालं की कडुनिंबाखाली दोन-तीन म्हाताऱ्या पिकअप आणि एक बिनचाकाचा ट्रॅक्टर दिसतो, ते. विचारायचंच झालं तर ‘चाचांचं गॅरेज’ म्हणा. डिझेलची जुनी गाडी असेल तर डोळे झाकून जा. स्कॅनर लावावा लागतो अशी नवी गाडी असेल तर नका जाऊ, चाचा स्वतःच परत पाठवतात.

आमची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, झेंडू. कोकोपीटमधले ट्रे भरून नारायणगाव, बेल्हे, संगमनेरपर्यंत शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवायचे. गाडी २००७ ची डीआय पिकअप, सासऱ्यांनी घेतलेली. किलोमीटरचा काटा २ लाख ८६ हजारांवर अडकला त्यालाही चार वर्षं झाली. गाडी मीच चालवते. हे मुद्दाम सांगते, कारण बहुतेक गॅरेजवाले माझ्याशी बोलतात पण बघतात शेजारी बसलेल्या गड्याकडे. त्या पोराला सायकलसुद्धा धड येत नाही.

डिसेंबरात गाडीने नाटक सुरू केलं. सकाळी स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागायचा. चालू झाली की पाय ॲक्सिलरेटरवर नसताना रेस आपोआप वर जायची, खाली यायची, परत वर. भूंऽऽ, भूंऽऽ, भूंऽऽ. पाळण्याला कोणीतरी झोका देतंय असं. धाकटी म्हणाली, “आई, गाडीला दम लागलाय.” दहा-पंधरा किलोमीटर चालली की जरा कमी व्हायचं. रस्त्यावर रेस दिली की जाणवायचं नाही, पण सिग्नलला किंवा कोणाच्या दारात उभी केली की परत सुरू. मागचे ट्रे थडथडायचे. शेतकरी विचारायचे, “ताई, गाडी रोपांसकट नाचती का काय?”

चाचांकडे जाण्याआधी मी तीन ठिकाणी पैसे घातले. तेही लिहिते, म्हणजे कोणाचे तरी वाचतील.

पहिल्याने डिझेल फिल्टर बदलला, ६५० रुपये. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्याने इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून सर्व्हिस केले आणि एअर फिल्टर नवा टाकला, ७,८०० रुपये. काही फरक नाही. नोझल मात्र स्वच्छ झाले, एवढंच पुण्य. तिसरं मोठं गॅरेज, खाली फरशी, बसायला सोफा, थंड पाण्याचं मशीन. तिथे साहेबांनी दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाले, “पंप गेलाय. मायको उतरवावा लागेल, बेंचवर लावून कॅलिब्रेशन. अठरा हजार धरून चला, तीन दिवस.” (पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी आमच्याकडे पंप म्हटलं की मायकोच.) मी विचार करून सांगते म्हणाले, तर त्यांनी जाता जाता आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. “आता नाही ना होत?” होत नव्हतं खरं. पण गाडी उभ्या जागी ओरडायची, पहिला गिअर टाकला की उडी मारायची. त्याचे ९०० घेतले. तिन्ही मिळून ९,३५० रुपये, आणि आजार तिथेच.

मधल्या काळात पुतण्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवून भंडावून सोडलं. ‘थ्रॉटल बॉडी साफ करा’, ‘व्हॅक्यूम लीक बघा’, ‘आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह बदला’. सगळे पेट्रोल गाड्यांचे. पेट्रोल इंजिनात हवेला दार असतं, ते दार ॲक्सिलरेटरने उघडतं, आणि दाराच्या मागून चोरून हवा शिरली की रेस वर-खाली होते. माझ्या गाडीला ते दारच नाही. जुन्या डिझेल इंजिनात हवा हवी तेवढी आत येते, रेस ठरते ती पंप किती डिझेल देतो त्यावर. हे मला तरी कुठे माहीत होतं? चाचांनी सांगितलं तेव्हा कळलं.

जानेवारीत, ऐन टोमॅटोच्या रोपांच्या गर्दीत, एक गिऱ्हाईक म्हणालं की आळेफाट्याला दाखवा. मंगळवारी दुपारी गेले. चाचा साठीचे असतील. चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मी बॉनेट उघडायला लागले तर म्हणाले, “उघडू नका ताई. गाडी आत्ता गरम आहे, आत्ता ती गोड बोलणार. ठेवून जा. मला सकाळची ऐकायचीय.”

मी वैतागले. दुसऱ्या दिवशी दोनशे ट्रे पोचवायचे होते. पण तीन गॅरेजांत एकानेही गाडी सकाळी थंड असताना ऐकली नव्हती, हेही तेव्हाच डोक्यात आलं. गाडी ठेवली, एसटीने घरी आले. ट्रे दुसऱ्याच्या टेम्पोने पाठवले, भाडं वेगळं.

बुधवारी साडेसातला पोचले तेव्हा चाचा स्टुलावर बसून चहा पीत होते. मला बसायला उलटी पालथी केलेली ग्रीसची बादली मिळाली, वर पोतं. मग अर्धा तास नुसते प्रश्न. पाना हातात नाही.

सकाळी जास्त की दुपारी? सकाळी. लोड असताना की रिकामी असताना? दोन्ही. धूर? चालू होताना थोडा पांढरा, मग नाही. घाटात बंद पडली का? एकदा ब्राह्मणवाड्याच्या चढाला दोन झटके दिले. “टाकी भरलेली असताना करती का, खाली गेल्यावर?”

इथे मी थांबले. याचा विचारच केला नव्हता. आठवायला लागले. संगमनेरला गेले त्या दिवशी निघताना टाकी फुल केली होती, गाडीने आवाजसुद्धा काढला नाही. फिल्टर बदलला तेव्हाही येताना पंपावर दोन हजारांचं डिझेल टाकलं होतं, आणि दोन दिवस ती बरी होती. काटा अर्ध्याखाली गेला की भूंऽऽ-भूंऽऽ. मी हे सांगितल्यावर चाचांनी कप खाली ठेवला.

“याच्याआधी कोणी कुठं हात लावला गाडीला?” तिन्ही गॅरेज सांगितली. “त्यांच्याही आधी?” कोणी नाही, म्हणाले. हे उत्तर चुकीचं होतं, पण ते पुढे.

मग त्यांनी गाडी चालू केली. खिशातून एक छोटं यंत्र काढलं, क्रँकच्या पुलीवर चमकीची पट्टी चिकटवली आणि त्यावर लाल उजेड धरला. त्यांच्या गॅरेजमधलं एवढंच काय ते इलेक्ट्रॉनिक. आधी मोठ्या गॅरेजने पिळलेला स्क्रू परत जागेवर आणला, मग मिनिटाला किती फेरे तो आकडा मला दाखवला. ६८० वरून ९४०, परत ६८०. म्हणाले, बघा, चढायला जेवढा वेळ, उतरायलाही तेवढाच. ही हंटिंग आहे. मिसिंग असती, म्हणजे एखादा सिलिंडर काम चुकवत असता, तर लंगडल्यासारखी चालली असती, एक पाय आखूड असल्यासारखी. लोक दोन्हींना एकच नाव देतात आणि नोझल काढत बसतात.

तरी त्यांनी खात्री केलीच. इंजिन चालू ठेवून प्रत्येक नोझलच्या पाइपचं नट फडकं धरून थोडं सैल केलं, ऐकलं, परत आवळलं. चारही वेळा इंजिन सारखंच दबलं, म्हणजे चारही सिलिंडर सारखंच काम करतात. मी जवळ वाकले तर खेकसले, “मागं! त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं.” ॲक्सिलरेटरची केबल अडकत नाही ना तेही पाहिलं. मोकळी होती.

पंपात गव्हर्नर असतो हे मला त्यांनी दोन मुठींनी समजावलं. फिरणारी दोन वजनं असतात, एका बाजूला स्प्रिंग. इंजिन वेगात गेलं की वजनं फाकतात आणि डिझेल कमी करतात. वेग पडला की स्प्रिंग ढकलते आणि डिझेल वाढवते. आता डिझेलबरोबर हवा आली तर काय होतं? मागितलं तेवढं डिझेल मिळत नाही, इंजिन पडतं. स्प्रिंग अजून मागते. तेवढ्यात हवेचा बुडबुडा निघून जातो, सगळं डिझेल एकदम पोचतं, इंजिन उसळतं. वजनं घाबरून फाकतात, डिझेल तोडतात, परत पडतं. गव्हर्नर बिचारा आपलं काम चोख करतो, पण प्रत्येक वेळी अर्धा क्षण उशिरा. “म्हणून सगळे पंपाला शिव्या देतात. आवाज पंपातून येतो ना. आजार पंपाच्या मागं असतो.”

या गाडीला वेगळा फीड पंप नाही. रोटरी पंपच टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा रस्ता ओढीखाली असतो, आणि तिथे कुठे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. तीन गॅरेजांत तीन जणांनी बॅटरी मारून ‘कुठे ओलं दिसत नाही’ असं सांगितलं होतं, ते एका अर्थी खरंच होतं. ओलं दिसणार कुठून?

पुढचं काम बघण्यासारखं होतं. फिल्टर आणि पंपाच्या मधला काळा पाइप काढून त्यांनी तिथे हातभर पारदर्शक नळी लावली. हँड पंप मारून एअर काढली, गाडी चालू केली. नळीतून आधी नुसतं पिवळट डिझेल, आणि मग साबुदाण्यासारखे बुडबुडे, एकामागे एक. बुडबुड्यांची रांग गेली की इंजिन पडायचं, नळी साफ झाली की उसळायचं. डोळ्यांनी दिसत होतं. नऊ हजार रुपयांत जे मला कोणी दाखवलं नाही ते हातभर नळीत दिसलं.

मग पाच लिटरचा कॅन बॉनेटच्या दांडीला टांगला, पंपाचा येणारा पाइप आणि परतीचा पाइप दोन्ही त्यात सोडले. टाकी, लाइन, फिल्टर सगळं बाजूला. गाडी चालू केली. मी बादलीवरून उठूनच उभी राहिले. ७६०, ७६५, ७६०. हलेना. सासरे हयात होते तेव्हाचा आवाज.

“पंप सुटला, नोझल सुटले,” चाचा म्हणाले. निर्दोष सुटले, असं. आता लाइन वाटून घ्यायची. फिल्टर जोडला आणि फिल्टरच्या आधी कॅन ठेवला. ठीक. मग टाकीकडून येणारा पाइप जोडला. भूंऽऽ, भूंऽऽ. चाचा गाडीखाली शिरले.

दोन मिनिटांनी खालून आवाज आला, “ताई, हा पिवळा पाइप कोणी घातलाय?”

आणि मला आठवलं. मागच्या पावसाळ्यात उंदराने डिझेलचा पाइप कुरतडला होता. रविवार होता, दुकानं बंद. धाकट्या दिरांनी फवारणीच्या एचटीपी पाइपचा वीतभर तुकडा कापून तिथे बसवला, दोन्हीकडे क्लिप आवळली आणि म्हणाले, “वहिनी, हा पाइप केवढं प्रेशर घेतो माहितीय? डिझेल काय चीज आहे.” प्रेशर घेतो हे खरं. पण तिथे प्रेशर नव्हतंच, ओढ होती. आणि डिझेलमध्ये राहून तो पाइप सहा महिन्यांत हाडासारखा कडक झाला होता. धातूच्या नळीला रबर कसं चिकटून बसतं, तसं ते बसेना. क्लिप कितीही आवळली तरी वरच्या बाजूने केसाएवढी फट. सकाळच्या थंडीत अजून कडक, म्हणून सकाळी जास्त. आणि टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी त्या सांध्याच्या वर, म्हणून फुल टाकीला आजार गायब. रात्रभर उभी राहिली की फटीतून हवा शिरायची, डिझेल मागे टाकीत उतरायचं, म्हणून सकाळी स्टार्टर. एका वीतभर तुकड्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.

मी काही बोलले नाही. चाचांनीही परत विचारलं नाही. नुसते म्हणाले, “वेद बोललेला रेडा इथं आळ्यालाच निजलाय. गाडी तर रोजच बोलती.” आणि पाइप आणायला पोराला पिटाळलं.

बिल, म्हणजे तोंडी हिशेब: डिझेलचा खरा पाइप दीड मीटर २४० रुपये (पुढचाही जुना तुकडा बदलला), चार क्लिपा १००, फिल्टरच्या बोल्टांची तांब्याची वॉशर आठ, ८० रुपये, कारण फिल्टर बदलणाऱ्याने जुनीच चेपलेली परत घातली होती. मजुरी ५००. एकूण ९२०. मी हजार रुपये दिले तर ८० परत दिले, वर चहाचे पैसे घेतले नाहीत. मजुरी जास्त घ्या म्हणाले तर म्हणाले, काम काय केलंय, पाइप बदललाय.

आता तक्रारी, कारण सगळं गोड लिहिलं की वाचणाऱ्याला संशय येतो.

पावती मिळत नाही. व्यवसायाच्या खर्चात दाखवायचं असेल तर विसरा. फोन उचलत नाहीत, उचलला तर ‘घेऊन या’ एवढंच. गाडी एक रात्र ठेवावी लागते, घाईत असाल तर हे परवडत नाही. मला टेम्पोचं भाडं बाराशे पडलं, म्हणजे दुरुस्तीपेक्षा जास्त. शुक्रवारी नमाजाला जातात, दुपारभर बंद. बायकांना बसायला जागा नाही, आणि बाकीची सोय तर नाहीच. समोरच्या हॉटेलात जावं लागतं, तिथेही चहा घेतल्याशिवाय किल्ली देत नाहीत. आणि चाचा शिकवतात. तुम्हाला ऐकायचं असो वा नसो. मला आवडलं, पण माझ्यानंतर आलेला एक तरुण दहा मिनिटांत कंटाळून मोबाइल काढून बसला होता.

एक मात्र आहे. चाचा माझ्याशी बोलताना माझ्याकडेच बघत होते. गड्याला त्यांनी फक्त पाणी आणायला सांगितलं.

दीड महिना झाला. परवा ब्राह्मणवाड्याच्या घाटाने अडीचशे ट्रे घेऊन गेले, काटा पावाच्या खाली असताना. झटका नाही, भूंऽऽ नाही. सकाळी अर्ध्या फेऱ्यात चालू होते. ॲव्हरेज सुधारलं का विचाराल तर सांगता येत नाही, किलोमीटरचा काटाच बंद आहे. तो चाचांनाही दुरुस्त करता आला नाही, किंवा त्यांनी मनावर घेतलं नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या बादलीचा कापला.

तो पिवळा तुकडा चाचांनी मला कागदात गुंडाळून दिला होता. घरी आणून दिरांसमोर ठेवला, सगळी कहाणी सांगितली, नऊ हजार तीनशे पन्नासचा आकडा दोनदा सांगितला. त्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडात धरून आरपार पाहिलं, वाकवून बघितला. म्हणाले, “पाइप तर चांगला आहे वहिनी. फवारणीला चालंल.”